अधिक महिना आणि उरलेल्या रजा

२०२६ च्या कॅलेंडरात १ मेचा चौकोन पाहून ज्याच्या पोटात कालवलं नाही, तो नोकरदार नसावा. महाराष्ट्र दिन, कामगार दिन आणि बुद्धपौर्णिमा, तिन्ही एकाच शुक्रवारी. पहिल्या दोघांचं साटंलोटं जुनंच आहे, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण बुद्धपौर्णिमेने एरवी मे महिन्यातला एखादा सोमवार गाठून चार लोकांचं भलं करावं, ती यंदा त्याच चौकोनात दाटीवाटीने येऊन बसली. तृष्णा हे दुःखाचं मूळ आहे असं ज्यांनी सांगितलं, त्यांच्याच पौर्णिमेला आमचं अख्खं ऑफिस एका बुडालेल्या सुट्टीच्या तृष्णेने व्याकूळ झालं होतं.

पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करणाऱ्या, तिशीच्या अलीकडे उभ्या असलेल्या माझ्यासारखीचा उन्हाळा दोन पंचांगांवर चालतो. एक साताऱ्याला आईच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेलं. जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये ‘कालनिर्णय’ सुरू केलं, आणि आमच्या घरात आजीच्या हयातीपासून त्या खिळ्यावर दुसरं काहीही लागलेलं नाही. दुसरं पंचांग कंपनीच्या पोर्टलवर. त्यात सीएल, एसएल आणि पीएल अशी रजांची तीन नक्षत्रं असून त्यांच्या युतीवर माणसाचं सुख अवलंबून असतं. पहिल्या पंचांगात भद्रा असते, दुसऱ्यात सँडविच. म्हणजे शुक्रवारी आणि सोमवारी रजा टाकली की मधले शनिवार-रविवारही रजेतच धरायचे. भद्रा निदान अर्ध्या दिवसात उतरते. सँडविच थेट पगाराच्या चिठ्ठीपर्यंत पोचतं.

ही दोन पंचांगं जुळवण्याचं काम आमच्या कंपूत नाशिककरणीकडे आहे. (पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये जमलेल्या मैत्रीत आडनावं मागे पडतात आणि गावं पुढे येतात. म्हणून आमच्यात नाशिककरीण, सांगलीकर, अकोलेकर आणि चिपळूणवाला आहेत. मी सातारकरीण. मूळ पुणेकर एकही नाही, त्यामुळे पुण्याबद्दल आम्ही फार अधिकारवाणीने बोलतो.) नाशिककरीण जानेवारीतच एक एक्सेल शीट काढते. उभ्या रांगेत शनिवार-रविवार, आडव्या रांगेत आम्ही. हिरवा रंग म्हणजे मोकळा, लाल म्हणजे लग्नकार्य, पिवळा म्हणजे ‘बघू’. शीट मार्चपर्यंत हळदीच्या कार्यक्रमाला निघाल्यासारखी पिवळीधमक होते. ती ऑफिसात टेस्टिंग करत असल्यामुळे तिचा कुणाच्याच शब्दावर विश्वास नाही. ‘येतो’ म्हणणाऱ्याला ती लेखी मागते.

खर्चाचं खातं सांगलीकराकडे. चहाचे पैसेसुद्धा तो ॲपवर चढवतो, आणि ज्याने बिस्किट खाल्लं नाही त्याला बिस्किटातून वगळून. चिपळूणवाला काहीच करत नाही. ‘होईल की’ एवढं म्हणतो, आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा होतं.

पाडवा यंदा १९ मार्चला, गुरुवारी आला. शुक्रवारची एक रजा टाकली की चार दिवस! हा शोध आपल्या एकट्यालाच लागलाय अशी टीममधल्या प्रत्येकाची समजूत होती. एकाच सकाळी मॅनेजरकडे इतके अर्ज गेले की त्यांनी सगळेच नाकारून समता प्रस्थापित केली. शुक्रवारी झाडून सगळे ऑफिसात होते आणि कुणीही काम करत नव्हतं. दुपारी डब्यांतलं उरलेलं श्रीखंड खाऊन मंडळी आपापल्या स्क्रीनसमोर डोळे उघडे ठेवून झोपली.

खरा भरवशाचा सण गुड फ्रायडे. तारीख फिरते, पण वार काही झालं तरी बदलत नाही. नोकरदाराच्या श्रद्धेला याहून भक्कम आधार नाही. यंदा तो ३ एप्रिलला होता, आणि आम्ही वेळासला गेलो.

वेळास हे मंडणगड तालुक्यातलं किनाऱ्यावरचं गाव. ऑलिव्ह रिडले जातीच्या कासविणी रात्री इथल्या वाळूत अंडी घालून निघून जातात. पूर्वी ती अंडी कोल्ही-कुत्री आणि माणसं पळवायची. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती जपायला सुरुवात केली. आता अंडी कुंपण घातलेल्या जागेत पुन्हा वाळूत पुरतात. पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर येतात. ती समुद्रात जाताना बघायला शहरातली माणसं गावातल्या घरांत उतरतात आणि सकाळ-संध्याकाळ किनाऱ्यावर दोरीमागे उभी राहतात.

आम्हीही भल्या पहाटे उभे राहिलो. एरवी साडेनऊच्या मीटिंगला कॅमेरा बंद ठेवून हजेरी लावणारा सांगलीकर सहा वाजता आंघोळ करून आलेला. कार्यकर्त्याने पहिली टोपली उचलली. वाळू. दुसरी उचलली. वाळू. तिसरी. वाळू. नाशिककरणीला राहवेना. तिने विचारलं, “काका, नक्की किती वाजता?”

काकांनी टोपली परत ठेवली. “ताई, ती आतून येतात. वरून कुणी पाठवत नाही.”

आम्हा सगळ्यांचं आयुष्य ‘आज संध्याकाळपर्यंत हवंय’ या वाक्यावर चाललेलं. इथे पन्नासेक दिवस वाळूखाली पडून राहिलेला आणि तरीही तारीख न देणारा एक जीव, आणि त्याला कुणी मेलसुद्धा टाकू शकत नव्हतं. चिपळूणवाल्याने वाळूवर बसकण मारली. “होईल की,” तो म्हणाला.

संध्याकाळी झालं. एक पिल्लू निघालं. दोरीच्या अलीकडे शे-दीडशे माणसं, तेवढेच मोबाइल, आणि पलीकडे तळहातावर मावेल एवढं ते. चार पावलं चालून थांबलं. सगळा किनारा श्वास धरून. पुन्हा चाललं, पुन्हा थांबलं. आमच्यापैकी कुणाच्याही प्रेझेंटेशनला इतकं लक्ष आजवर मिळालेलं नाही. लाट आली, पिल्लू उचललं गेलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. कशासाठी ते कुणालाच सांगता आलं नसतं, पण वाजवल्याशिवाय राहवलंही नाही. वाळू जास्त तापली तर अंड्यांतून मादी पिल्लं निघतात, असं तिथे समजलं. मी आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, “मग या उन्हात यंदा सगळ्या मुलीच. त्यांच्या आयांनी आत्तापासून स्थळं बघायला हवीत.” आईचं कुठलंही संभाषण किती वळणांनी या विषयावर येईल हे मोजायचं मी सोडून दिलं आहे.

पेशवाईचं हिशेबाचं दप्तर सांभाळणाऱ्या नाना फडणवीसांचं स्मारक वेळासला आहे. सांगलीकराने तिथे चपला काढून मनोभावे नमस्कार केला आणि बाहेर येताच विचारलं, “सोलकढी कुणी-कुणी दोनदा घेतली?”

एप्रिलमध्ये ऑफिसात पगारवाढीची पत्रं आणि आंबे एकदम येतात. ही वेळ कुणीतरी विचार करून ठरवली असली पाहिजे, कारण तोंडात हापूसची फोड असताना माणसाला फार वेळ संताप टिकवता येत नाही. चिपळूणवाला त्याच्या काकांच्या बागेतल्या पेट्या आणतो आणि त्या दिवशी पार्किंगमध्ये जी गर्दी होते ती अग्निशमनाच्या सरावालाही होत नाही. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर असे पाच जिल्हे आहेत. पण ऑफिसात पक्ष दोनच, देवगड आणि रत्नागिरी. चिपळूणवाला रत्नागिरी जिल्ह्याचा, म्हणून त्याच्या पेटीतला आंबा खाताखाता देवगडवाले ‘तसा बरा आहे’ म्हणतात. मग लखनौचा सहकारी दशहरीची बाजू घेतो, हैदराबादची मुलगी बंगनपल्ली काढते, आणि अमेरिकेतल्या क्लायंटने मीटिंगमध्ये सहज ‘आम्हाला इथे मेक्सिकोचे आंबे मिळतात’ असं सांगितलं तेव्हा सगळे पक्ष एका क्षणात एक झाले. राष्ट्रीय एकात्मतेचं याहून थेट दर्शन मी १५ ऑगस्टलाही घेतलेलं नाही.

अक्षय्य तृतीया १९ एप्रिलला, रविवारी. साडेतीन मुहूर्तांतला पूर्ण मुहूर्त आणि तोही रजेशिवाय. दोन्ही पंचांगांचं एकमत. नाशिककरणीने हे दोन वर्षांपूर्वीच हेरलं असावं, कारण पुनावळ्यातल्या तिच्या नव्या फ्लॅटचा गृहप्रवेश तिने बरोबर त्याच दिवशी धरला होता. चौदावा मजला. गॅलरीतून समोरच्या इमारतीचा चौदावा मजला दिसतो. वीस वर्षांचं कर्ज, पण स्वयंपाकघरात इंडक्शनची काळी चकचकीत काच, कारण पाइपचा गॅस ‘लवकरच’ येणार होता.

गृहप्रवेशात दूध उतू जावं लागतं. आणि हे इंडक्शन, त्याच्या पुस्तिकेत अभिमानाने लिहिल्याप्रमाणे, दूध कधीही उतू जाऊ देत नाही. नाशिककरणीने ‘दूध’ असं लिहिलेलं बटण दाबलं. दूध तापलं, वर आलं, पातेल्याच्या काठाशी पोचलं, आणि टुक् असा आवाज करून यंत्र बंद पडलं. साय निमूटपणे खाली बसली. पुन्हा दाबलं. पुन्हा टुक्. घरातली वडीलधारी माणसं हात जोडून उभी, गुरुजी मंत्र लांबवत होते, आणि लक्ष्मी काठापर्यंत येऊन परत चालली होती. नाशिककरणीतली टेस्टर जागी झाली. ती पुस्तिका काढून वाचायला लागली. पाच मिनिटांनी गुरुजींनीच मंत्र मध्येच थांबवून सांगितलं, “ताई, पाण्याचं बटण दाबा.” दूध काचेवरून ओट्यावर आणि ओट्यावरून नव्या ट्रॉलीत गेलं. सगळ्यांना गहिवरून आलं. पुनावळ्याच्या नव्या इमारतींत गुरुजींची रोजची फिरती असणार; त्यांना कुठल्या कंपनीच्या इंडक्शनला काय लागू पडतं हे पाठ असावं.

मे उजाडला आणि लग्नांनी गाठलं. कारण भिंतीवरच्या पंचांगात स्पष्ट होतं. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. अधिक महिन्यात लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही. तेव्हा ज्यांचं ठरलं होतं त्या सगळ्यांनी १६ मेच्या आत उरकायचं मनावर घेतलं. कार्यालयं, घोडे, आचारी, मेंदी काढणाऱ्या मुली, ड्रोनवाले, सगळ्यांना एकाच पंधरवड्यात मागणी. आमच्या शीटमध्ये मेचा पहिला अर्धा भाग लालभडक झाला. एका दिवशी तर दुपारी बारा-पंचवीसला कोथरूडला आणि संध्याकाळी हडपसरला अशी दोन लग्नं होती. मी मधल्या वेळात गाडीत साडी बदलली. नऊवारी हल्ली शिवून मिळते आणि चेनने बंद होते हे आधुनिक काळाचे फार मोठे उपकार आहेत.

लग्नाच्या आधी केळवणं. आमच्या आयांच्या वेळी केळवण म्हणजे मामा-मावशीने घरी बोलवून पानात पुरणपोळी वाढणं. आता मित्रांनी करायची केळवणं वेगळी. हॉटेलातलं टेबल आरक्षित करायचं, झेंडूच्या पाकळ्यांनी ताटाभोवती महिरप, मध्ये ‘आमच्या नवरोबाचं केळवण’ अशी पाटी, आणि मग सगळ्या कोनांतून फोटो. फोटो होईपर्यंत कुणी घास घ्यायचा नाही. पुरी फुगलेली आली होती, ती आमच्यादेखत खाली बसली. अकोलेकर उपाशी पोटी हसत राहिला, आणि त्याची होणारी बायको म्हणाली, “एकदाच, हसणं जरा कमी दात दाखवून.” संसाराची सुरुवात झालेली आम्हाला तिथेच दिसली.

लग्न अकोल्याला. रेल्वेचं आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांऐवजी ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा नाशिककरणीने मार्चमध्ये सकाळी आठच्या ठोक्याला पाच मोबाइल हाताशी घेऊन महाराष्ट्र एक्स्प्रेसची तिकिटं काढली. कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी ही गाडी रात्री पुण्यात आम्हाला घेते आणि सकाळी अकोल्यात उतरवते. उतरवते म्हणजे उघड्या भट्टीत सोडते. मे महिन्यात इथे पारा ४४-४५ ला जाणं ही बातमीसुद्धा नसते. २०२४ च्या मेमध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी उष्णतेपायी कलम १४४ लावलं होतं. जमावबंदीला दंगल लागते अशी माझी समजूत. वऱ्हाडात त्याला सूर्य पुरतो.

अशा जागी आम्ही मुलाकडचे मित्र म्हणून बंद गळ्याचे गडद निळे कोट आणि भरजरी साड्या घालून गेलो, कारण तसं ठरलं होतं. कुणी ठरवलं ते अजून उजेडात आलेलं नाही. स्टेशनवर घ्यायला आलेल्या काकांनी आमच्याकडे एकवार पाहिलं आणि म्हणाले, “कोट घालून आले? दवाखाना जवळच आहे, टेन्शन घेऊ नका जी.”

पण वऱ्हाडाने आम्हाला वाचवलं. वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर असा काही गरजतो की त्यापुढे बोलणंच शक्य नसतं, आणि दुपारी बोलायची कुणाची इच्छाही नसते. पन्ह्याचे पेले येत राहिले. जेवायला पाटवडी रस्सा होता. त्याचा पहिला घोट घेतल्यावर बाहेरचं ऊन सौम्य वाटायला लागतं, हा त्यामागचा वैद्यकीय विचार असावा. ‘बास’ या शब्दाला तिथे काही किंमत नाही. “एवढ्याशानं काय होते? घ्या नं जी,” असं म्हणत एक काकू माझ्या पानावर वाढत राहिल्या. मी दोन्ही हात आडवे धरले, तर त्यांनी हातांमधली जागा शोधली. पुण्यात ‘घेता का?’ विचारल्यावर ‘नको’ म्हटलं की वाढपी पुढे सरकतो, त्या सवयीने माझा घात केला.

मुहूर्त संध्याकाळचा, पावणेसातचा. पुण्यातल्या कार्यालयात मुहूर्त बारा-पंचवीसचा असेल तर बारा-चोवीसला अंतरपाट धरलेला असतो आणि एकला पंगतीतून उठवतात, कारण तीन वाजता दुसऱ्यांना हॉल द्यायचा असतो. इथे पावणेसातला नवरदेव अजून चौकात घोड्यावर होता आणि बँडवाल्यांनी नुकता कुठे घाम पुसला होता. मी घड्याळाकडे पाहिलं. शेजारचे आजोबा म्हणाले, “काहून पाहता घड्याळ? नवरदेव तं आपल्यापाशीच आहे.” या मुद्द्याला उत्तर नव्हतं. आम्ही नाचलो. बंद गळ्याच्या कोटात सांगलीकर असा नाचला की दुसऱ्या दिवशी कोट परत घेताना भाड्याच्या दुकानदाराने वेगळे पैसे लावले. ते त्याने ॲपवर ‘वरात, इतर’ या नावाने सगळ्यांत विभागले.

रविवारी रात्रीची गाडी, सोमवारी सकाळी पुणे, आणि स्टेशनवरून थेट ऑफिस. हातावर मेंदी, केसांत अक्षता. मॅनेजरनी विचारलं, “वीकेंड रिलॅक्स्ड होता ना?” मी हो म्हटलं. आणि खुर्चीवर बसल्यावर जाणवलं की आत्ता कुठे तो सुरू झालाय. एसी आहे, पाण्याचं यंत्र आहे, कुणी नाचायला ओढत नाही, कुणी ताटात वाढत नाही. आमच्या वयाची माणसं शनिवार-रविवारी जेवढं राबतात तेवढं सोमवार ते शुक्रवारी राबली, तर भारत कुठल्या कुठे जाईल. पण मग सोमवारी विश्रांती कुठे घ्यायची, हा प्रश्न उरेल.

आणि मग १७ मे आला. अधिक महिना.

मला या महिन्याबद्दल फार आदर आहे. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, सौर वर्ष ३६५ दिवसांचं. म्हणजे दरवर्षी अकराएक दिवसांचा फरक पडतो. जुन्या ज्योतिर्विदांनी हे दिवस वाया जाऊ दिले नाहीत. ते साठवत नेले, आणि बत्तीस-तेहतीस महिन्यांनी त्यांचा अख्खा महिना करून देण्याची सोय केली. ज्या चांद्रमासात सूर्य रास बदलत नाही तो अधिक. म्हणजे त्या महिन्यात खुद्द सूर्याचीसुद्धा बदली होत नाही. आमच्या कंपनीत न वापरलेल्या रजा मार्चअखेरीस उडून जातात. हजारो वर्षांपूर्वी ज्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता त्यांना शिल्लक पुढे ओढता आली, आणि ज्यांच्याकडे फक्त कॉम्प्युटरच आहेत त्यांना येत नाही. सांगलीकराने कंपनीच्या मोठ्या सभेत हा मुद्दा आकडेवारीसह मांडला. एचआरच्या बाई म्हणाल्या, सूचना छान आहे, नोंद घेतली आहे. नोंद कुठल्या महिन्यात घेतली ते कळलं नाही.

अधिकात कार्यं नाहीत म्हणजे आम्ही मोकळे, असा नाशिककरणीचा हिशेब होता. तिने शीटमधला मेचा उरलेला भाग आणि जूनचे पहिले दोन आठवडे हिरवे करून टाकले. तिच्या हिशेबातून जावई सुटला. अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना. जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, आणि तांब्याच्या किंवा चांदीच्या ताम्हनात दिवा ठेवून तेहतीस अनारसे द्यायचे. वाण जाळीदार पदार्थाचं द्यायची रीत आहे, म्हणून अनारसे किंवा बत्तासे. लग्न होऊन दोन आठवडे झाले नव्हते तोच अकोलेकर पुन्हा अकोल्याला. त्याच उन्हात, त्याच गाडीने, उरलीसुरली रजा टाकून. “नवीन जावई, पहिला अधिक, नाही म्हणता येत नाही,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात दुःख होतं, पण चेहऱ्यावर तूप होतं.

अनारसे तो आमच्यासाठी घेऊन आला. वाटपाचं काम अर्थातच सांगलीकराकडे. तेहतीस भागिले पाच, प्रत्येकी सहा, बाकी तीन. मग कुणीतरी म्हणालं, वहिनींना धरा. तेहतीस भागिले सहा, प्रत्येकी पाच, बाकी पुन्हा तीनच. सांगलीकर बराच वेळ त्या तीन अनारशांकडे बघत बसला. शेवटी चिपळूणवाल्याने तिन्ही खाल्ले आणि प्रश्न मिटला.

आईचं अधिक महिन्याबद्दलचं शास्त्र वेगळं आहे. “लग्न करायचं नसतं. बघायला काय हरकत आहे?” असं म्हणून तिने एका रविवारी मला डेक्कनवर कॉफी प्यायला पाठवलं. मुलगा बाणेरच्या एका कंपनीत. पहिली दहा मिनिटं आम्ही ट्रॅफिकवर काढली. मग त्याने सहज १ मेचा विषय काढला आणि त्याचा चेहरा पडला. माझाही पडला. तिथून गाडी रुळावर आली. आम्ही आपापल्या कंपन्यांच्या सुट्ट्यांच्या याद्या मोबाइलवर उघडून शेजारी-शेजारी ठेवल्या आणि पडताळून पाहिल्या. त्यांच्याकडे सँडविच नाही आणि रजा पुढच्या वर्षात जातात. मी आईला कळवलं, मुलगा विचार करण्यासारखा आहे. तिने पत्रिका मागवल्या. मी म्हटलं, जे बघायचं होतं ते बघून झालंय.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही काजवे बघायला भंडारदऱ्याला गेलो. पावसाच्या तोंडावर, मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या भागात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे लखलखतात. पुणे, मुंबई आणि नाशिकची माणसं त्यासाठी शनिवारी निघतात आणि बरीचशी घाटात अडकतात. नाशिककरणीला मी त्या दिवसाइतकी हताश कधी पाहिली नव्हती. तिचं स्वतःचं माहेर इथून जवळ, आणि ती पुण्याहून येऊन नाशिकच्याच गाड्यांच्या मागे दोन तास उभी.

काजवे का चमकतात ते तिथल्या वाटाड्या मुलाने सांगितलं. नर उडता-उडता प्रकाश मिचकावतो, झाडावर किंवा गवतात बसलेली मादी पसंत पडला तर उत्तर देते. प्रौढ काजव्याला आयुष्य थोडक्या आठवड्यांचं, त्यात हे जमवायचं. म्हणजे आमच्याकडे अधिक ज्येष्ठ म्हणून सगळी कार्यालयं बंद, आणि इथे झाडाझाडावर वधूवर मेळावा, पत्रिका नाही, ड्रोन नाही, मुहूर्त रोज रात्रीचा. अकोलेकराने हे ऐकून बायकोकडे असं पाहिलं, जणू आपल्याला उगाच दोनदा अकोला घडलं.

गंमत तिथून पुढे. काजव्यांचं सगळं बोलणं उजेडातून चालतं, आणि त्यांना बघायला आलेल्या प्रत्येकाच्या हातात टॉर्च. मागून येणाऱ्या गाडीचे दिवे एका सादड्यावर पडले आणि अख्खं झाड विझलं. त्या झाडावर किती जमत आलेल्या सोयरिकी त्या एका दिव्याने मोडल्या असतील, देव जाणे. वन खात्याच्या पाट्या जागोजागी आहेत, गाडीचे दिवे बंद करा, फ्लॅश मारू नका, आवाज करू नका. लोक त्या पाट्यांवर टॉर्च मारून त्या वाचत होते. शेवटी वाटाड्याने आम्हाला रस्त्यापासून आत नेलं आणि मोबाइल खिशात ठेवायला लावले. फोटो एकाकडेही नाही. काजवे बघितल्याचा कुठलाही पुरावा आमच्या कंपूकडे नाही आणि सांगलीकर अजून विचारतो, हा खर्च कशाच्या नावाने टाकायचा?

१५ जूनला अधिक ज्येष्ठ संपला. पुढचा अधिक महिना २०२९ मध्ये, चैत्रात. म्हणजे ऐन मार्च-एप्रिल, पगारवाढीची पत्रं आणि हापूस दोन्ही त्याच सुमाराला. नवीन लग्न झालेल्यांनी सासरच्या गाडीचं आरक्षण साठ दिवस आधी सकाळी आठला करावं. भंडारदऱ्याला जाणाऱ्यांनी वर्ष कुठलंही असो, टॉर्च घरी ठेवावी. बाकी सगळ्यांनी आपापल्या कंपनीत रजा पुढे जातात की नाही ते आजच पोर्टलवर बघून घ्यावं. जात नसतील तर एचआरला लिहावं, आणि सोबत पंचांगाचं ते पान जोडावं.